काळी गाडी

परवा रविवारी मुलगा आणि सून ठाण्याहून डोंबिवलीला आले होते. गाडी बदलायचं चाललंय त्यांचं. सून म्हणाली, "आई, ह्या वेळी पांढरीच घेणार आहोत बरं का. काळी नकोच." तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. ह्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी पेपर एकदम तोंडासमोर धरला.

काळी गाडी घेतली २०१९ साली. तेव्हा मी जरा कुरकुरले होते. आमच्याकडे काळं म्हणजे फक्त संक्रांतीला. थंडीत काळी साडी ऊब देते म्हणून त्या एका सणाला काळ्याचा मान, असं माझी आई सांगायची. मी बी.ए. झाले मराठी घेऊन, पण शाळेत शिक्षक कमी, म्हणून पाचवी-सहावीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात पडलं. 'काळा रंग उष्णता शोषून घेतो, पांढरा परावर्तित करतो' हे वाक्य किती मुलांकडून घोकून घेतलं असेल! तेच मुलाला ऐकवलं. तो हसून म्हणाला, "आई, गाडीत एसी असतो."

तर मंडळी, गोष्ट आहे २०२२ च्या एप्रिलमधली. भाचीच्या मुलाची मुंज होती. आहेराची खरेदी करायला आम्ही चौघं ठाण्याला, नौपाड्यात गेलो. ह्यांचे गुडघे दुखत होते. म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसतो." गाडी झाडाखालीच लाव, असं मुलाला मीच सांगितलं. काळी असली तरी सावलीत आहे, मग काळजी नाही, एवढंच माझं विज्ञान! काचा बोटभर खाली ठेवल्या. "दहा मिनिटांत येतोच," असं सांगून निघालो.

दहाची चाळीस मिनिटं झाली. दुकानात गर्दी होती, रंग पसंत पडेनात, मग बिलाची रांग... परत आलो तर सावली सरकून बाजूच्या भिंतीवर गेलेली आणि गाडी भर उन्हात. सावली सरकते, हेही मी सहावीला शिकवलेलं होतं.

दार उघडलं तर भट्टीचा झोत अंगावर आला. ह्यांचा चेहरा लालबुंद, अंग चटका बसेल इतकं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आठ-चौदा गेली का?" पस्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलेला माणूस. त्या क्षणी ते फलाटावर उभे होते.

मी नुसती उभी राहिले. हललाच तो नाक्यावरचा एक रिक्षावाला. त्यानं आणि मुलानं ह्यांना उचलून त्याच्या रिक्षात बसवलं. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली ह्यांच्या डोक्यावर, मानेवर, शर्टावर रिकामी केली आणि रिक्षा पळवली. ओल्या अंगाला वारा लागत गेला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत हे मला नावानं हाक मारू लागले होते. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तीन दिवस तिथे काढले. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही.

नंतर कितीतरी दिवस मी त्या काळ्या रंगालाच दोष देत होते. तो दोष देणं सोपं होतं. मग नातीनं एक दिवस नेटवरून वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २०११ मध्ये एकाच बनावटीच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात उभ्या करून मोजमाप केलं. चंदेरी गाडीचं छप्पर सुमारे २५ अंशांपर्यंत कमी तापलं. पण आतल्या हवेतला फरक फक्त ५ ते ६ अंशांचा! दुसरा अभ्यास २००५ मधला. बंद गाडीत तासाभरात सरासरी २२ अंश वाढ, आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच थोडी उघडी ठेवून जवळजवळ काही फरक पडत नाही. ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि ती उष्णता काचेतून तशी बाहेर जात नाही. तापलेली हवाही आतच कोंडून राहते. म्हणजे रंगानं भर घातली, पण कोंडलं ते काचांनी. पांढऱ्या गाडीतही हे वाचले असते असं नाही.

आणि आपली रिक्षा बघा. तीही खालून काळीच की! पण दोन्ही बाजू मोकळ्या. एका काळ्या गाडीनं जे केलं ते दुसऱ्या काळ्या गाडीनं निस्तरलं.

"दार आतून उघडायचं होतं ना हो," असं मी ह्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "सुरुवातीला वाटलं, येतीलच एवढ्यात. नंतर दार आहे हेच आठवेना." डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. म्हातारपणी तहान कमी लागते, शरीर लवकर थंड होत नाही, आणि अंग फार तापलं की आधी सुचेनासं होतं. ज्याला सुटायचं असतं त्यालाच सुटायचं भान राहत नाही.

इतकी वर्षं मी मुलांना अर्धाच धडा शिकवला. काळं तापतं, हे खरं. पण 'दहा मिनिटांत येतो' म्हणणारी माणसं चाळीस मिनिटांनी येतात, हे पुस्तकात नव्हतं.

असो. सुनेला म्हटलं, "पांढरी घ्या, थोडी कमी तापेल. पण रंग कुठलाही असो, बंद गाडीत कोणाला बसवून जायचं नाही. ना म्हाताऱ्याला, ना मुलाला. दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही."

पेपराच्या मागून आवाज आला, "आणि खरेदीला मला नेऊ नका."

तीन वर्षांनी पहिल्यांदाच त्या गोष्टीवर आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी उठून आत गेले, पाणी आणायच्या निमित्तानं.