हलक्या पत्र्याचा हिशेब

वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात, पत्र्याची कामे करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. परवा त्याने माझ्या हातांवर सारख्याच लांबीरुंदीचे दोन पत्रे ठेवले : एक पोलादाचा, दुसरा अॅल्युमिनियमचा. दुसरा हलका होता. पण जाडही होता.

अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश. टाटा मोटर्सने २००८ साली घेतलेल्या जॅग्वारची २०१३ची वेगवान ‘एफ-टाइप’ याच धातूची. तेव्हा अंगावरच्या पत्र्याचे दोनतृतीयांश वजन वाचत असणार, असे मी धरून चाललो होतो.

“सर, ताठपणाही तिसरा हिस्साच असतो,” तो म्हणाला. पोलादाइतकाच दाब सोसून वाकू नये, तर हा पत्रा जवळजवळ दीडपट जाड घ्यावा लागतो. बचत मग निम्म्यावर येते. तीही थोडी नव्हे; हलकी गाडी लवकर वेग घेते आणि लवकर थांबते.

मला त्याचा द्वितीय वर्षाचा, वडिलांवरचा निबंध आठवला. पाल्हाळ म्हणून मी त्यातला निम्मा मजकूर छाटला होता. उरलेल्याला आधार कशाचा, हे पाहिले नव्हते. त्यानंतर त्याने काही लिहून दाखवले नाही.

निघताना हे त्याला सांगितले. पत्रे जागेवर ठेवत तो म्हणाला, “निबंध आहे अजून, सर. तुमच्या लाल शाईसकट.”

पुढच्या रविवारी तो घेऊन येणार आहे.