रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

एप्रिल उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकाच गोष्टीची धांदल असते, ती म्हणजे निकाल. महाराष्ट्र दिनी झेंडावंदन झाले की मुलांच्या हाती प्रगतिपत्रक द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याआधी पेपर तपासायचे, आकारिक नोंदी पुऱ्या करायच्या, श्रेणी काढायच्या, निकालपत्रक बनवायचे आणि सगळे संचयी नोंदपत्रकात उतरवायचे. गेली काही वर्षे या दिवसांत मी मुळशी तालुक्यातल्या माले परिसरातील शाळांमध्ये जातो आणि शिक्षकांच्या शेजारी बसून त्यांना संगणकावर निकाल तयार करायला मदत करतो.

माझी नोकरी हिंजवडीत. हिंजवडी आणि माले एकाच तालुक्यात आहेत, हे पुण्यातल्या अनेकांच्या चटकन ध्यानात येत नाही. पौड मागे टाकून ताम्हिणीच्या रस्त्याला लागले की मुळशी धरणाच्या बाजूला हे गाव लागते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला, तो याच खोऱ्यातल्या जमिनींसाठी. आजही इथली वस्ती विखुरलेली आहे. वाडीवाडीला छोटी शाळा, पट कमी आणि बऱ्याच ठिकाणी शिक्षक दोनच. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. त्यामुळे सतत इंटरनेट लागणारी प्रणाली इथे ऐन वेळी अडते. शिक्षकांचा खरा आधार म्हणजे लॅपटॉपवर उघडणारी एक्सेलची फाइल. अशा फाइल राज्यभरातल्या हौशी शिक्षकांनीच बनवल्या आहेत आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगावी पोचल्या आहेत. कोणी मोबदला न घेता केलेले हे मोठे काम आहे.

निकालाचे गणित बाहेरून वाटते तेवढे साधे नाही. शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले आणि आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने त्याची पद्धत ठरली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधने आली. त्यांतून होते ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी होते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३० गुण, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित नाहीच, तिथे सगळे १०० गुण आकारिकचे. दोन शिक्षकी शाळेत एकाच बाईंकडे दुसरी आणि तिसरी असली, तर त्यांना एकाच टेबलावर दोन वेगळे भारांश सांभाळावे लागतात. शिवाय विषयवार बेरीज, तिची श्रेणी आणि हे सगळे दोन्ही सत्रांना. हे हाताने करताना रात्री जातात. यंत्राने करावे असे काम कुठले, तर हेच.

तरीही फाइल दिली म्हणजे काम झाले, असे होत नाही. एका शाळेतला प्रसंग सांगतो. बाईंनी वर्गाची यादी फाइलमध्ये भरली होती, गुणही भरले होते. मग त्यांना वाटले, नावे अकारविल्हे हवीत. त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावण्याचे बटण दाबले. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, असे ती विचारत होती. बाईंनी घाईत दुसरा पर्याय दाबला. नावे हलली, गुण जागच्या जागी राहिले. गणितात रमणाऱ्या मुलीसमोर भलत्याचेच गुण आले. फाइलने कुठेही लाल खूण केली नाही, कारण तिच्या दृष्टीने बेरजा बरोबरच होत्या. चूक पकडली ती बाईंनी. पहिल्याच ओळीवर त्यांचे बोट थांबले. "हिला गणितात क-२? शक्यच नाही, दादा." आपल्या वर्गातले मूल त्यांना पाठ होते, म्हणून ते कळले.

तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेलो की आधी मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टर मागतो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा रजिस्टर क्रमांक टाकायचा, आणि गुण त्या क्रमांकाशी बांधायचे. यादी कशीही लावली तरी गुण मुलासोबतच जातात. सूत्रांच्या रकान्यांना कुलूप घालायचे, फक्त भरायचे रकाने पिवळे ठेवायचे. रोज काम संपले की तारीख घालून फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. यात हुशारीचे काही नाही, पण ही शिस्त लागली की शिक्षकांच्या मनातली भीती निम्मी होते. माध्यमिक शाळेतल्या लिपिकांना तर हे सांगावेही लागत नाही. दाखले आणि बोनाफाईड देऊन देऊन त्यांना नावातल्या एका वेलांटीचे मोल ठाऊक असते. प्रगतिपत्रकावर एक, दाखल्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे नाव असले की पुढे त्या मुलाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. म्हणून नावे तपासायला मी नेहमी त्यांनाच बसवतो.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते रिकाम्या रकान्याने.

मुळशीत कातकरी कुटुंबे आहेत. वीटभट्टीच्या हंगामात त्यांतली काही गाव सोडून जातात आणि मुलेही सोबत जातात. एका वर्गात तिसरीतली अशी एक मुलगी होती. पहिल्या सत्रात तिची श्रेणी चांगली होती. दुसऱ्या सत्राचे तिचे रकाने रिकामे होते, कारण ती वर्गात नव्हतीच. फाइलने रिकाम्या रकान्यांची बेरीज केली, उत्तर आले शून्य, आणि शून्याची श्रेणी इ-२. प्रगतिपत्रक छापायला तयार. त्यावर त्या मुलीबद्दल जे लिहिले होते ते सरळ सरळ खोटे होते. तिला काही येत नाही, असे कोणी तपासलेच नव्हते. दुसऱ्या एका मुलाने वर्षभर वर्गात काम केले होते, फक्त लेखी चाचणीला तो तापाने घरी होता. आकारिकमध्ये त्याला ६० पैकी ४६ गुण होते. संकलितचा रकाना रिकामा, म्हणून एकूण १०० पैकी ४६ आणि श्रेणी क-२. जेवढे तपासले होते तेवढ्याच्या प्रमाणात पाहिले असते तर तो ७० च्या पुढे होता.

सूत्रात बदल छोटासा होता. बेरीज करण्याआधी आवश्यक रकाने भरले आहेत का ते मोजायचे. सगळे भरले असतील तरच श्रेणी दाखवायची, नाहीतर तिथे 'मूल्यमापन बाकी' असे लिहून यायचे. शिक्षकाने स्वतः शून्य टाकले तर शून्य धरायचे. काहीच टाकले नाही तर धरायचे नाही. एवढ्याने त्या मुलाची चाचणी नंतर घेतली गेली. त्या मुलीच्या बाबतीत बाईंनी, ती जिथे गेली होती तिथल्या शाळेत शिकत होती का, याची चौकशी सुरू केली. स्थलांतरित मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, ते याचसाठी की मूल जाईल तिथल्या शाळेला ते कुठवर शिकले आहे हे कळावे. फाइलमधल्या 'बाकी' या नोंदीने शिक्षकाला आठवण करून दिली की एक मूल नजरेआड आहे. इ-२ ने ते मूल निकाली काढले असते.

हे आता अधिकच महत्त्वाचे झाले आहे. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास मूल त्याच वर्गात राहू शकते. म्हणजे चुकलेल्या सूत्राची किंमत आता एक अख्खे वर्ष असू शकते.

दुसरी गोष्ट वर्णनात्मक नोंदींची. प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक असे तीन रकाने असतात. बहुतेक फाइलमध्ये तयार वाक्यांची यादी असते. बाणावर टिचकी मारली की 'वाचन स्पष्ट व शुद्ध करतो', 'चित्रे सुंदर काढतो' अशी वाक्ये खाली उतरतात. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे त्यांच्याकडे, रोजची ऑनलाइन माहिती त्यांच्याकडे. वेळ नसला की माणूस यादीतले वाक्य उचलतो. पण मग वर्गातली निम्मी मुले 'चित्रे सुंदर काढतो' होतात आणि तो कागद घरी नेणाऱ्या आईला आपल्या मुलाबद्दल काहीच कळत नाही.

एका वाडीवरच्या शाळेत सरांची निरीक्षणाची वही पाहिली. शंभरपानी, कोपरे मुडपलेली. त्यात पेन्सिलीने लिहिले होते: 'भातलावणीचे गाणे स्वतः चाल लावून म्हटले.' 'हातच्याची बेरीज खडे घेऊन जमते, वहीत अडतो.' 'बहिणीला सोबत आणते म्हणून उशीर. वर्गात येताच कामाला लागते.' मी सरांना म्हटले, "सर, हेच टाकूया ना फाइलमध्ये." ते म्हणाले, "असं चालतं का? शब्द यादीतलेच लागतात असं वाटलं मला." यादीतलेच शब्द हवेत असे कुठेच नाही. नोंद मुलाची हवी, एवढेच अपेक्षित आहे. सरांना मराठी टंकलेखन जमत नव्हते. त्यांच्या मोबाइलवर बोलून लिहायची सोय चालू करून दिली. ते वहीत बघून बोलत गेले, वाक्ये उमटत गेली, मग आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि फाइलमध्ये घेतली. बेरजांचा वेळ वाचला होता, तो इथे लागला. तो इथेच लागायला हवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता समग्र प्रगतिपत्रक येत आहे. त्यात मूल स्वतःबद्दल काय सांगते, सोबती काय सांगतो, पालक काय सांगतात यालाही जागा आहे. विचार चांगला आहे. पण रकाने वाढले आणि वेळ तेवढाच राहिला, तर तयार वाक्यांच्या याद्याच लांबतील.

म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. प्रणाली बनवणाऱ्यांनी रिकाम्या रकान्याला शून्य समजू नये आणि नोंदीच्या जागी आधी मोकळी जागा द्यावी, यादी नंतर. प्रशिक्षण देणाऱ्यांनी सभागृहात पडद्यावर दाखवून थांबू नये. शिक्षकाच्या टेबलाशी, त्याच्याच वर्गाच्या यादीवर, माऊस त्याच्याच हातात ठेवून शिकवावे. आणि ज्यांना एक्सेल रोजच्या कामामुळे हातचा मळ झाला आहे, अशा हिंजवडीतल्या, पुण्यातल्या, कुठल्याही शहरातल्या माणसांनी ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये एखादा शनिवार जवळच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावा. आधी मुख्याध्यापकांना फोन करा, त्यांना सोयीचा दिवस विचारा आणि जा. बेरजा यंत्राला करू द्या. मुलाबद्दल लिहायला शिक्षकाला वेळ मिळवून द्या.