पुणे झाकून जबलपूर

संध्याकाळी रेडिओ घेऊन गच्चीवर जातो, पण लगेच लावत नाही. आधी सूर्य कुठवर आलाय ते बघतो. दिवसा साठ-सत्तर किलोमीटरवरचा हवेचा एक थर उन्हाने विद्युतभारित होतो आणि वर जाणारी मीडियम वेव्ह शोषून घेतो. म्हणून दुपारी साताऱ्यात पुणे, मुंबई, सांगली अशी जमिनीलगत येणारी जवळची स्टेशनंच लागतात. सूर्य गेला की हा थर विरतो, लहरी आणखी वर जाऊन परततात आणि हजार किलोमीटरवर उतरतात. अंधार पूर्वेकडून येतो. चेन्नईला तो आपल्या साधारण २५ मिनिटं आधी, ओमानला तासभर नंतर. स्टेशनंही त्याच क्रमाने उमलतात.

लांबचं स्टेशन लावायचं म्हणजे मोठी एरियल, महागडा सेट, असं लोकांना वाटतं. माझा सेट साधा ट्रान्झिस्टर आहे. आतमध्ये काळ्या फेराइटची बोटाएवढी जाड कांडी आहे आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. बाहेर ओढून काढतो ती दांडी मीडियम वेव्हला कामाची नसते. खरी एरियल ही कांडीच. ती आडवी धरली की तिच्या अंगाकडून आवाज भरपूर येतो, टोकाकडून जवळजवळ येतच नाही. सगळी विद्या इथे आहे. दूरचं ऐकायचं तर जवळचं झाकायला शिकावं लागतं.

पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, १०० किलोवॅटचं. जबलपूर ८०१ वर. दोन स्टेशनांत नऊच किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे साताऱ्यात जबलपूरच्या जागी पुण्याचीच चरचर ऐकू येते. मग सेट कठड्यावर ठेवून दोन बोटांनी हळूहळू फिरवायचा, एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढा. पुणे उत्तरेला, कांडीचं टोक तिकडे वळलं की पुण्याचा आवाज खचत खचत तळाला जातो. अगदी थोडं पुढे गेलं की परत उसळतो. मागे यायचं, श्वास रोखायचा. त्या खाचेत सेट नेमका बसला की ईशान्येकडून तिरकं येणारं जबलपूर मोकळं होतं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा हात काढून घ्यायचीही भीती वाटली होती.

पण आवाज आला म्हणजे जबलपूर सापडलं असं नाही. दिल्लीच्या हिंदी बातम्या अनेक केंद्रं एकाच वेळी घेतात, त्या ऐकून काहीच सिद्ध होत नाही. केंद्राचं नाव सांगणारी उद्घोषणा हवी, आणि नेमक्या त्याच क्षणी लहर मंदावते. अशा किती रात्री मी वहीत तारीख, वेळ, किलोहर्ट्झ लिहून पुढची जागा कोरी सोडली आहे. स्टेशनांच्या छापील तक्त्यात त्या किलोहर्ट्झपुढे नाव दिसतं, कान ते ऐकल्याची ग्वाही देऊ लागतो. त्या मोहाला बळी पडू नये. जे ऐकलं नाही ते वहीत जाऊ नये, एवढा एकच नियम मी कसोशीने पाळला. केंद्राला रिपोर्ट पाठवायचा तर तो तितकाच खरा हवा. पोच म्हणून येणाऱ्या क्यूएसएल कार्डाची किंमत त्यातच आहे.

आता गल्लीत एलईडी दिवे आणि चार्जर इतके झालेत की घरात नुसती करकर. म्हणून पहाटे सेट घेऊन गावाबाहेरच्या माळावर जातो. पहाटे सगळं उलटं घडतं, पूर्वेकडची स्टेशनं आधी मिटतात. काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली एक पहाट आठवते. चेन्नई केव्हाच गेलं होतं. ओमानमधल्या असीला इथून १४१३ वर येणारं बीबीसी अजून स्वच्छ होतं, कारण तिकडे अजून रात्रच होती. बोलणारी बाई शांतपणे बोलत होती. माझ्या मागून डोंगरावर ऊन आलं, सेटवर माझी लांब सावली पडली. आवाज खाली गेला, एकदा वर आला. मी सेट जरासा फिरवला. तिचं एक वाक्य पुरं ऐकू आलं, पुढच्याचे दोनच शब्द.

वहीत वेळ लिहिली आणि सेट कापडात गुंडाळला.