आईची साक्ष

खान्देशात उष्टावणाला दुधातली भाताची खीर असते, आणि मग घरोघरी कुस्करलेलं केळं. त्यामुळे यांतलंच काही बाळाला बाधेल, हे रावेर-यावलकडे कुणाच्या मनालाही शिवत नाही.

खीर खाऊन एक ते चार तासांनी बाळ उलट्यांवर उलट्या करतं, पांढरंफटक पडतं, मलूल होतं. आधी नजर काढली जाते, मग ‘दात येत असतील’, मग गॅस्ट्रोचं औषध. दोष कुणाला द्यावा? आपल्याकडे गॅस्ट्रो आहेच तेवढा. पण तोच पदार्थ पोटात गेला की पुन्हा तेच झालं, तर अन्नातल्या प्रथिनाला आतडं असं उत्तर देतंय का, हे विचारायला हवं. यात सहसा अंगावर पित्त उठत नाही, रक्ताच्या तपासण्याही बहुधा काही बोलत नाहीत. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले, त्यांतही मोठा आधार घरच्यांनी सांगितलेल्या हकिगतीचाच. म्हणजे साक्ष आईची. आणि बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत नेमकं तिलाच बोलू दिलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रोज वरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दुखणं आणखी फसवं. उलट्या, जुलाब चालूच, वजन हलत नाही. दूध थांबवलं की काही दिवसांत बाळ सावरतं. गायीचं सोसेना म्हणून म्हशीचं, शेळीचं देऊन पाहतात. त्यांतली प्रथिनं इतकी सारखी की त्रास बहुधा तोच.

अंगावर पिणाऱ्या, एरवी खेळत्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसले, की ‘तू काय खाल्लंस?’ हा प्रश्न आईवरच येतो. डॉक्टर तिचं दूध-दही दोन-चार आठवडे थांबवतात, मग पुन्हा सुरू करून खात्री करतात. ही खात्री पुष्कळदा राहूनच जाते आणि बाळंतीण महिनोन्‌महिने अर्धपोटी जेवते. तिच्या पानात कळण्याची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला भरभरून हवा, लागेल तर कॅल्शियमची गोळीही. अंगावरचं दूध मात्र तोडू नये.

रक्ताचा हा त्रास बहुतेकांचा वर्षभरात सरतो. उलट्यांचा काही वर्षं घेतो. तो गेला का, हे घरी चाखवून पाहू नये, दवाखान्यातच पाहावं. आणि डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: कशाने, किती वेळात, काय होतं. साक्रीहून धुळ्याला, चोपड्याहून जळगावला रात्री बाळ आणावं लागलं, तर अनोळखी डॉक्टरलाही ती वाचून वेळेवर सलाईन लावता येईल.