परसातला वाफा

माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून इंदूरच्या आमच्या परसात आम्ही पहिला वाफा चार बोटे उंच केला आणि त्यात कुजलेले शेणखत मिसळले. नवशिक्यांनी आश्विन सरताना मेथीपासून आरंभ करावा. ती 4-5 दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडता येते. धने मात्र रगडून, दुभंगून पेरावेत. त्यांना 10-15 दिवस लागतात.

बाजारात आमची मुले ‘हरा धनिया’ नि ‘गिलकी’च मागत. आजीसोबत वाफ्याशी बसू लागल्यापासून कोथिंबीर, घोसाळे, आळे, खुरपे हे शब्द त्यांच्या तोंडी रुळले आहेत. भाजी मूठभरच निघते, एका जेवणाला जेमतेम पुरते. शब्द मात्र घरात राहतात. वाचकांनीही यंदा हातभर वाफा अवश्य करून पाहावा.