तोंडाची चव

टायफॉइड उतरला, पण तोंडाचा कडवटपणा काही जाईना. एरवी शेवभाजीवर तुटून पडणारा मी, धुळ्याच्या घरात आठवडाभर मुगाच्या खिचडीकडे नुसता बघत बसलोय.

पडल्या पडल्या बारीपाडा आठवतो. साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. एकेकाळी तिथले डोंगर बोडके झाले होते. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाड थांबवली, जंगल परत आणलं, पाणीही परतलं. 2025 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र तिथला कडूकंदच आठवतो.

या रानकंदाचा कडूपणा घालवायला त्याच्या पातळ चकत्या करायच्या, उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओहोळात ठेवायच्या. “वाहतं पाणीच पाहिजे,” मी गेलो तेव्हा तिथल्या एक आजी म्हणाल्या होत्या. साचलेल्यात कडूपणा तिथंच राहतो म्हणे.

हे पहिल्यांदा कुणी शोधलं असेल? किती जिभा पोळल्या असतील? त्या संशोधनावर कुणाचंच नाव नाही. मी वहीत चकत्यांची जाडीसुद्धा टिपली होती. ओहोळ आटला तर काय करता, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी खिचडीवर लसणाची चटणी मागितली. बायकोनं बोटाच्या टोकाएवढी वाढली.