नागपूरची दिव्या

मुलांनो, तुम्ही घरी ज्याला शतरंज म्हणता, त्याला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. पण पटावरचा वजीर मराठीतही वजीरच आणि प्यादेही प्यादेच. 'शह' आणि 'मात' हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. तेव्हा हा पाठ तुम्हांला जड जाणार नाही.

पावसाळ्यात आपल्या रत्नागिरीत मैदानावर पाणी साचले, की मुलगे वर्गातच पट मांडतात. मुली मात्र बाजूला उभ्या राहून पाहतात. त्यांना मी दिव्या देशमुखची हकिकत मुद्दाम सांगतो.

दिव्याचा जन्म २००५ साली नागपूरला झाला. आईवडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटन खेळायला जाई. दिव्या लहानपणीच बुद्धिबळाकडे वळली. राहुल जोशी हे तिचे पहिले गुरू. आपल्या शिष्येने ग्रँडमास्टर व्हावे, अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु २०२० साली, ऐन उमेदीत ते वारले.

ग्रँडमास्टर होणे सोपे नसते. मोठ्या स्पर्धांत साधारणपणे तीन वेळा ठरावीक दर्जाचा खेळ करून दाखवावा लागतो. त्याला 'नॉर्म' म्हणतात. शिवाय गुणांकन २५०० पर्यंत न्यावे लागते. कित्येकांची उमर यात जाते. दिव्या २०२४ साली मुलींच्या गटात ज्युनिअर जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिने सुवर्णपदकही मिळवले. तरीही तिच्या नावावर एकसुद्धा नॉर्म नव्हता!

जुलै २०२५ मध्ये ती महिला विश्वचषक खेळायला जॉर्जिया देशातील बाटुमी शहरी गेली. तिचे मानांकन पंधरावे होते. चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी हिला हरवून ती अंतिम फेरीत पोहोचली. तेथे समोर होती आपलीच कोनेरू हंपी. दिव्याच्या जन्माआधी तीन वर्षे, २००२ सालीच हंपी ग्रँडमास्टर झाली होती.

पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव सुरू झाले. त्यांतला पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. हंपीच्या घड्याळात वेळ कमी उरला, घाईत तिच्याकडून चूक झाली आणि दिव्याने डाव जिंकला.

विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला ग्रँडमास्टर हा किताब थेट मिळतो. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे एकदम वजीर होते ना, तसेच झाले. दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. त्या वेळी ती १९ वर्षांची होती. आईच्या गळ्यात पडून ती रडू लागली.

नागपूरला परतल्यावर तिने हे यश राहुल जोशी सरांना अर्पण केले.